गळ्यावरचे डाग पुसले, आता झोप येत नाही

सांगली जिल्ह्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. दीड वर्षापासून संध्याकाळी एका फोटो स्टुडिओत अल्बम डिझायनिंग आणि एडिटिंग करते, महिन्याला ९ हजार मिळतात. पत्र लांब आहे, त्यातला गाभा देतो:

"सर, गेल्या महिन्यात एक काकू मुलीला घेऊन बायोडाट्याचा फोटो काढायला आल्या. मुलीच्या गळ्यावर आणि हनुवटीखाली कोडाचे डाग होते. काकू म्हणाल्या, 'तेवढे घालव, आणि रंग जरा उजळ कर.' मालकांनी खूण केली. दहा मिनिटांचं काम, करून दिलं. मुलगी शेजारच्या स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघत होती. एक अक्षर बोलली नाही. तेव्हापासून माझं कामात मन नाही, रात्री झोप येत नाही. मालक म्हणतात, गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, आपण काय समाजसुधारक आहोत का! पप्पा म्हणतात, हे सोड आणि बँकेच्या परीक्षेला बस. मला हे काम आवडतं. यात करिअर होतं का? आणि माणसाचं रूप किती बदलायचं, याला काही नियम असतो का?"

प्रिय मुली,

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ते जमलं की पहिल्याचं शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

माझ्या मामांचा कराडला स्टुडिओ होता. मी शाळेत असताना, म्हणजे सत्तरच्या दशकात, सुट्टीत तिथे पडीक असायचो. खिडकीजवळ तिरक्या फळीचं रिटचिंगचं टेबल होतं. मधे दुधी काच, खाली आरसा, आरशातून उजेड वर येणार आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळणार. मामा पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचे आणि निगेटिव्हवर बारीक बारीक ठिपके देत बसायचे. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळ येते, त्यामुळे सुरकुती, खड्डा भरून निघतो. त्या काळी देवीच्या वणांचे चेहरे घरोघर असत. भारतातली देवीची शेवटची केस १९७५ सालची, पण वण तर माणसाबरोबर जन्मभर राहिले. मामा लाइट लावता लावता, बरोबरची माणसं बाहेर असताना, समोरच्याला हळूच विचारायचे, "वण ठेवू का बुजवू?" काही जण म्हणत बुजवा, काही म्हणत असू देत. त्यावर मामा पुढे काही बोलायचे नाहीत.

एकदा मामा गावाला गेले असताना मदतनिसाने एका पैलवानाचा फोटो केला. तालमीत मोडलेले, गाठी आलेले कान त्याने पेन्सिल फिरवून छान गुळगुळीत करून दिले. न विचारता. पैलवानाने प्रिंट काउंटरवर टाकली आणि म्हणाला, "हे कान मी दहा वर्षं मातीत मार खाऊन कमावलेत. कुणी सांगितलं होतं तुला?" मामांनी परत आल्यावर फोटो फुकट काढून दिला.

तुझ्या धंद्यात एक साधा ठोकताळा आहे, तो तुला कुणी सांगितला असेलही. आठवड्याभरात आपोआप जाणारं काढायचं: पुरळ, ओरखडा, जागरणाने डोळ्यांखाली आलेलं काळं, पसरलेलं काजळ. कायमचं असतं त्याला न विचारता हात लावायचा नाही: तीळ, वण, नाकाचा बाक, दातांतली फट. नव्वद टक्के कामात हा ठोकताळा पुरतो. तुझ्या बाबतीत तो पुरला नाही, कारण सांगितलं तर होतं, पण जिचा गळा होता तिने सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं. मुलगी तीन फुटांवर बसलेली असून तिला कुणी विचारलं नाही. तुझी झोप तिथे उडाली आहे, डाग पुसण्यात नाही. त्या मुलीने स्वतः म्हटलं असतं, "ताई, काढ ना तेवढे," तर तू बिनघोर झोपली असतीस, आणि मीही तुला काही म्हटलं नसतं.

म्हणून पहिलं, चेहरा कुणाचा आणि मागणी कुणाची. दुसरं, हा फोटो कुणासमोर जाणार आणि बघणारा त्यावरून काय ठरवणार. घरात भिंतीवर लावायचा फोटो ज्याचा त्याने हवा तसा करून घ्यावा. बायोडाट्याच्या फोटोवर मात्र परकी माणसं निर्णय घेतात. कोड संसर्गजन्य नाही, त्याने काही बिघडत नाही, हे तुला-मला माहीत आहे. काकूंनाही माहीत असेल. तरी स्थळं परत जातात, हे त्यांनी पाहिलंय. त्यांना दोष देऊ नकोस. पण कांदेपोह्यांच्या दिवशी ती मुलगी समोर येते तेव्हा डागाचा विषय बाजूला राहतो आणि "तुम्ही लपवलंत" हा विषय सुरू होतो, आणि तो त्या मुलीला एकटीला झेलावा लागतो. फोटोग्राफरकडे यावर जुने उपाय आहेत. मऊ उजेड, मान किंचित वळवणं, बंद गळ्याचा ब्लाउज, ओढणी. ओढणी ती मुलगी प्रत्यक्ष भेटीलाही घेऊन जाऊ शकते, तुझा हीलिंग ब्रश (डाग पुसायचं फोटोशॉपमधलं साधन) नेऊ शकत नाही.

आता "उजळ कर" या दोन शब्दांबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुझ्या करिअरचा मोठा भाग इथे आहे.

रंगीत फोटोच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकची 'शर्ली कार्डं' असायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो, तिची त्वचा बरोबर आली की मशीन बरोबर. सावळी माणसं त्या मापात बसतच नसत. गडद रंग नीट यावेत म्हणून कोडॅककडे आग्रह धरणाऱ्यांत चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्या कंपन्या होत्या, कारण त्यांच्या जाहिरातीत डार्क चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट एकसारखं दिसत होतं! माणसांची तक्रार मागे राहिली. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, गूगलने त्वचेच्या छटांसाठी दहा पायऱ्यांची 'मंक' मोजपट्टी जाहीर केली. म्हणजे यंत्रांना आत्ता कुठे आपण दिसायला लागलोय.

लग्नाच्या फोटोत काय होतं ते तू रोज बघतेस. स्टेजवर जांभळे-गुलाबी एलईडी, हळदीला पिवळं ऊन, त्यात सावळ्या नवरीचा चेहरा मूळ फाइलमध्येच काळवंडलेला येतो. घरचे म्हणतात, "उजळ करा." त्यांना पुष्कळदा गोरेपण नको असतं, दिसायला हवं असतं. एडिटर ब्राइटनेस वर ओढतो, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) खाली आणतो, आणि नवरी राखेच्या रंगाची होते. हात वेगळ्या रंगाचे, कान तिसऱ्याच. याऐवजी आधी व्हाइट बॅलन्स सुधार, म्हणजे दिव्यांमुळे आलेली रंगाची झाक काढ, मग सावलीतले मधले टोन उचल, कपाळावरची चमक तशीच राहू दे, लाल-पिवळ्याचं प्रमाण त्वचेत टिकव. सावळा रंग सावळा ठेवून उजेडात आणणं हे अवघड काम आहे, आणि ते येणारी माणसं मुंबईतसुद्धा कमी आहेत. पुढच्या वेळी गिऱ्हाईक "उजळ" म्हणालं की असं एक व्हर्शन करून दाखव. माझा अंदाज आहे, निम्मी माणसं त्यावरच थांबतील.

(चौकातले फ्लेक्स मी यात धरत नाही. पन्नाशीच्या भावी नगरसेवकाच्या गालावर तान्ह्या बाळाचं तेज असतं आणि त्याने कुणी फसतही नाही. ती वेगळी कला आहे.)

जाहिरातीत फसवणुकीचा प्रश्न जास्त गंभीर होतो, कारण तिथे चेहरा दाखवून माल विकला जातो. २०११ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने लोरिआल कंपनीच्या दोन जाहिराती थांबवल्या, एक ज्युलिया रॉबर्ट्सची, दुसरी क्रिस्टी टर्लिंग्टनची. दोन्ही फाउंडेशनच्या. त्वचेवर दिसणारा परिणाम फाउंडेशनचा की रिटचिंगचा, हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर जाहिरातीवर 'रिटच केलेला फोटो' असं छापावं लागतं. त्याच दिवसापासून फोटो विकणाऱ्या गेटी इमेजेस कंपनीने आपल्या संग्रहात असे फोटो घेणं बंद केलं. नॉर्वेने २०२२ मध्ये पुढचं पाऊल टाकलं, तिथे त्वचा बदलली तरी लेबल लागतं आणि इन्फ्लुएन्सरच्या पैसे घेऊन टाकलेल्या पोस्टलाही. आपल्याकडे असं लेबल सक्तीचं नाही, पण जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये गोरेपणाच्या उत्पादनांसाठी नियम केले की सावळ्या माणसाला कमी लेखणारी जाहिरात नको, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाख. 'फेअर अँड लव्हली'चं नाव २०२० मध्ये बदललं ते तुला आठवत असेलच.

वर्तमानपत्राच्या फोटोबद्दल एका ओळीत सांगतो: तिथे माणसाला हात लावायचाच नाही. १९९४ मध्ये 'टाइम'ने खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्प्सन या कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडूचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर जास्त काळा करून छापला, त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तोच फोटो न बदलता छापला, आणि स्टॉलवर दोन्ही शेजारी शेजारी होते. पुढे काय झालं असेल ते तू ओळखू शकतेस.

आता करिअर. सरळ सांगतो, तू आज स्टुडिओत जे करतेस त्यातलं बरंचसं काम यंत्र घेऊन चाललंय. शेकडो फोटोंची त्वचा एकसारखी गुळगुळीत करणारी सॉफ्टवेअरं आली आहेत. फोटोशॉपमध्येच २०२३ पासून जनरेटिव्ह फिल आहे, मागचा मांडव काढून समुद्र लावायला आता हात लागत नाही. फक्त स्मूथ करता येणाऱ्या एडिटरला पाच वर्षांनी ९ हजारसुद्धा मिळतील की नाही, मला शंका आहे. टिकेल तो कुठे थांबायचं हे कळणारा. तुझी उडालेली झोप माझ्या मते तुझ्या बायोडाट्यातली चांगली ओळ आहे, फक्त ती तशी लिहिता येत नाही.

पुढे कुठे जाता येईल? मुंबईत जाहिरातीचं बारीक रिटचिंग, जिथे एका फोटोवर दिवस घालवतात आणि त्वचेची रंध्रं दिसली नाहीत तर फाइल परत येते. ई-कॉमर्सचे कॅटलॉग, दागिन्यांचे फोटो. चित्रपटांच्या व्हीएफएक्समधला (संगणकावर दृश्यं बदलण्याच्या कामातला) पेंट विभाग, तिथे नटांच्या चेहऱ्यावर फ्रेम-फ्रेमने हेच काम चालतं. आणि जुन्या फोटोंची दुरुस्ती. हे शेवटचं मला फार आशेचं वाटतं. घरोघर आजोबांचा एकच फाटका फोटो असतो. एआयला दिला की स्वच्छ होऊन येतो, पण पुष्कळदा डोळे भलत्याच माणसाचे असतात. आजी बघून गप्प बसते. जिथे माहिती नाही तिथे अंदाजाने चेहरा न रंगवता ती जागा तशीच सोडण्याचं धाडस माणूसच करू शकतो.

शिक्षणाचं म्हणशील, तर बारावीनंतर उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी असते, मुंबईच्या जे. जे. मध्ये किंवा पुण्याच्या अभिनवमध्ये, प्रवेश परीक्षा देऊन. इतर वाचकांसाठी सांगितलं. तुला आता पुन्हा चार वर्षं घालवायला मी सांगणार नाही. या कामात पदवी कुणी विचारत नाही, फाइल उघडून लेयर, म्हणजे एकावर एक केलेल्या बदलांचे थर, बघतात. तू असं कर: सहा महिन्यांत बारा फोटोंचा पोर्टफोलिओ बनव. ओळखीच्या माणसांचे, त्यांची परवानगी घेऊन. प्रत्येकाचा आधीचा आणि नंतरचा, पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाइल) लेयरसकट. त्यात किमान चार सावळे चेहरे, दोन म्हाताऱ्या माणसांचे, सुरकुत्या न घालवता केलेले. लिक्विफायला (आकार बदलणाऱ्या साधनाला) हात लावू नकोस. डॉज-बर्न (जागा उजळ-गडद करणं) हाताने शीक, फ्रिक्वेन्सी सेपरेशन (त्वचेचा पोत आणि रंग वेगळे करून दुरुस्त करणं) शीक आणि मग ते कमी वापर. पहिल्या पैशातून मॉनिटर कॅलिब्रेट करून घे, म्हणजे त्यावर रंग खरे दिसतील, पेन टॅब्लेट नंतर.

मालकांशी भांडू नकोस, त्यांनाही भाडं भरायचं असतं. त्यांना एवढंच सुचव की कायमच्या खुणांना हात लावण्याआधी फोटोतल्या माणसाला विचारू, म्हणजे प्रिंट परत येण्याची भानगड नको. धंद्याच्या भाषेत सांगितलं की पटतं. मात्र कुणी एखाद्या मुलीचा चेहरा दुसऱ्या शरीरावर लावायला सांगितलं, 'गंमत' म्हणून का होईना, तर तिथे नोकरी गेली तरी चालेल. तो गुन्हा आहे, आणि फाइल तुझ्या लॉगिनवरून झालेली असते.

पप्पांना म्हणावं, बँकेची परीक्षा जरूर देते. खरंच दे. बीकॉम झालेल्या मुलीने एक वर्ष दोन दगडांवर पाय ठेवायला हरकत नाही. पोर्टफोलिओवर काम मिळालं तर कळेलच, नाही मिळालं तर बँकेत बसून रविवारी जुने फोटो दुरुस्त करणारी माणसं मी पाहिली आहेत.

आणि त्या मुलीचा फोटो. मूळ फाइल स्टुडिओच्या हार्ड डिस्कवर असेल, ती डिलीट होऊ देऊ नकोस. लग्न जमलं की काकू अल्बमसाठी तुमच्याकडेच येतील, बाहेरच्या स्टुडिओला पुन्हा सगळं सांगत बसणार नाहीत. लग्नाच्या दिवशी मेकअप सुरू व्हायच्या आधी नवरी पाच मिनिटं एकटी सापडते. तेव्हा तिच्याजवळ जाऊन बस आणि विचार, "ठेवू का काढू?"