चौदाव्या वर्षापासून गुडघा दुखतोय, आता वय २८. एक्स-रे नॉर्मल आहे. नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढता येतात, उतरताना मात्र जीव जातो. काय करावं?

गुडघ्याच्या वाटीच्या मागे किंवा भोवती दुखतं, उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना वाढतं, तर बहुधा वाटी आणि मांडीच्या हाडामधल्या सांध्यावर भार जास्त पडतोय. अशा दुखण्यात एक्स-रे नॉर्मल येणं नेहमीचंच. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला टणक उंचवटा असेल, तर तो वाढीच्या वयात होणाऱ्या ऑसगुड-श्लाटर नावाच्या गुडघ्याच्या त्रासाचा असू शकतो. उंचवटा कायम राहतो, मांडी घालून नाही पण गुडघे टेकून बसलं की टोचतो.

पूर्ण आराम ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मांडीचा स्नायू बारीक होतो आणि भार पुन्हा सांध्यावरच येतो. एक दिवसाआड हे करा: कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलणं, १० वेळा, ३ फेऱ्या. मग १०-१५ सेंमीच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच हळू, ३ सेकंदांत जमिनीला टेकवणं, ८ वेळा, ३ फेऱ्या. पायरीवरच्या पायाचा गुडघा आत वळला तर पायरी कमी उंचीची घ्या. खरा घोळ इथेच होतो.

दुखणं १० पैकी ३ पर्यंत चालेल, दुसऱ्या सकाळी मात्र पूर्ववत हवं. फरक पडायला ६ ते १२ आठवडे लागतात. बरेच जण तिसऱ्याच आठवड्यात सोडतात. तोवर डोंगर बंद, गोदाघाटावर सपाटीला चाला. सप्तशृंगीला जायचंच असेल तर ट्रॉली आहे.

गुडघा सुजला, अडकला, अचानक निसटला किंवा रात्री झोपेतून उठवू लागला, तर व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.