बियाण्याचा जोम आधी जातो, उगवण नंतर

प्रश्न : आमच्याकडे घरचेच सोयाबीन बियाणे म्हणून राखण्याची पद्धत आहे. त्यातली एक गोणी पेरणीला न लागता माळ्यावर राहून गेली. मळणीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिची उगवण शंभरात 86 होती. यंदा दुसऱ्या मे महिन्यात ओल्या गोणपाटावर पाहिली, तर 58 दाणेच उगवले आणि त्यांतही पुष्कळांची मुळे आखूड होती. उलट सासऱ्यांनी जतहून दिलेला तीन वर्षांचा शाळू (रब्बी ज्वारी) अजून शंभरात 84 उगवतो. असा फरक का पडावा? हरिपूरच्या हळदीच्या पेवासारख्या, म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारासारख्या, जागेत बियाणे अधिक टिकेल का? – एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : आपण आखूड मुळांची नोंद केलीत, हे फार चांगले झाले, कारण खरे उत्तर 58 या आकड्यापेक्षा त्या मुळांत आहे.

कोरडा दाणा निजल्यासारखा दिसला, तरी त्याच्या आत झीज चालूच असते. सोयाबीनमध्ये सुमारे 20 टक्के तेल असते आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते हळूहळू खवट होत जाते. त्यातून निघणारी घातक द्रव्ये पेशींची आवरणे, प्रथिने आणि गुणसूत्रे यांना इजा करतात. असा दाणा भिजवला की फाटक्या आवरणांतून साखर आणि क्षार पाण्यात झिरपतात. प्रयोगशाळेत या पाण्याची विद्युतवाहकता मोजून बियाण्याचा जोम, म्हणजे प्रतिकूल जमिनीतही झटपट आणि जोरकस उगवण्याची ताकद, ठरवतात, ते याच कारणाने. भिजलेला दाणा आधी ही मोडतोड दुरुस्त करतो आणि मगच मूळ बाहेर काढतो. म्हाताऱ्या दाण्याचा या दुरुस्तीत वेळ जातो, त्यामुळे कोंब उशिरा येतो, मूळ खुरटते, आणि तोवर जमिनीतील बुरशी त्या झिरपलेल्या साखरेवर पोसून दाणा कुजवते. उगवणीचा आकडा बराच काळ टिकून असतो आणि मग एकदम कोसळतो. जोम मात्र त्याच्या कितीतरी आधी ढासळू लागलेला असतो. पहिल्या वर्षीच्या 86 दाण्यांतही थकलेले दाणे असणारच, फक्त गोणपाटावरच्या सुखात ते निभावून गेले.

शाळूत तेल अगदी थोडे, पिष्टच अधिक. शिवाय सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्याच्या लगेच खाली असतो, त्यामुळे मळणीयंत्राचा किंवा गोणी आपटल्याचा मार थेट अंकुराला बसतो. त्यात नदीकाठच्या गावातला पावसाळा! सोयाबीन हवेतला ओलावा ओढून घेते, आणि दाण्याचे आयुष्य ओलाव्यावरच सर्वांत जास्त अवलंबून असते. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम असा, की ओलावा एक टक्क्याने उतरला की आयुष्य दुप्पट होते. म्हणजे 13 टक्क्यांऐवजी 10 टक्के ओलाव्यावर ठेवलेले बियाणे साधारण आठपट टिकते. तापमान सुमारे पाच अंशांनी उतरले, तरी आयुष्य तसेच दुप्पट होते. पत्र्याखालच्या माळ्यावर नेमके उलट घडते. जतच्या कोरड्या हवेचा शाळूला झालेला लाभही यातच आला.

प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान 70 टक्के उगवण लागते. तेवढ्या उगवणीला एकरी 30 किलो बियाणे धरले, तर 60 टक्क्यांना 35 किलो लागेल, हा साधा हिशेब आहे. पण आपल्या गोणीला तो लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दाणे वाढवल्याने रोपांची संख्या भरेल. पेरणीनंतर जमिनीला पापडी धरली, तर ती फोडण्याचे बळ त्या रोपांत येणार नाही. ही गोणी पेरू नका. यंदाचे बियाणे निवडताना शंभर दाणे मोजून गोणपाटात गुंडाळा, आठव्या दिवशी सरळ, लांब मुळाचे आणि दोन्ही दले धड असलेले कोंबच मोजा, आणि आखूड, तपकिरी टोकाचे कोंब वेगळे काढा.

पेवाविषयी : हरिपूरच्या पेवात हवा कोंडल्यामुळे किडीला थारा मिळत नाही आणि हळद टिकते. मात्र ती शिजवून वाळवलेली असते, तिला पुन्हा रुजायचे नसते. जिवंत सोयाबीनला जमिनीच्या पोटातील दमट हवा घातकच ठरेल. त्यापेक्षा सावलीत नीट वाळवलेले बियाणे भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर, हवेशीर खोलीत ठेवा आणि पुढच्या पेरणीपलीकडे राखू नका.