वाचकांचे प्रश्न : ओळीतलं जुनं दुकान शोधताना

प्रश्न : नागपूरच्या इतवारीत आमच्या आजोबांचं भांड्यांचं दुकान होतं, अंदाजे १९४० ते १९६५. जागा भाड्याची. आता तिथे तीन मजली इमारत आहे. जुन्या घर क्रमांकावर महापालिकेच्या कर नोंदीत भलत्याच माणसाचं नाव येतं. दुकान नेमकं कुठे होतं आणि आजूबाजूला कोण होतं, हे कसं शोधावं? – एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : घर क्रमांक तूर्त बाजूला ठेवा. शोध फसतो तो बहुतेक वेळा इथेच. करआकारणी नव्याने झाली, भावाभावांत वाटणी झाली, वॉर्ड बदलले की क्रमांक बदलतो. नागपूरच्या जुन्या दस्तांत पत्ता 'घर क्र., वॉर्ड क्र., सर्कल क्र.' असा त्रिकुटात लिहिलेला असतो. त्यातला नुसता घर क्रमांक उचलला, तर तोच क्रमांक दुसऱ्या सर्कलमध्येही सापडतो आणि तुम्ही दुसऱ्याच गल्लीत जाऊन पोचता.

जमीन मात्र जागची हलत नाही. म्हणून आज त्या जागी जी इमारत आहे, तिचा शीट क्रमांक आणि नगर भूमापन क्रमांक आधी मिळवा. नगर भूमापन कार्यालयात नकाशाच्या शीटवर चौकापासून घरं मोजत गेलात की तो सापडतो. मग त्या क्रमांकाची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. ऑनलाइन प्रतीवर थांबू नका, हाताने लिहिलेल्या जुन्या पत्रिकेची प्रमाणित नक्कल मागा. फेरफाराच्या रकान्यात तारीख, नवा धारक आणि हक्क कसा आला (खरेदी, वारस, वाटणी) हे ओळीने असतं. आजच्या मालकापासून एकेक नोंद मागे जा. १९४० पासून पुढे यायचा प्रयत्न केला, तर मध्येच धागा तुटतो. जमीन नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची असेल, तर पट्ट्याची फाइल जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल विभागात पाहा.

मालकाचं नाव हाती आलं की दुय्यम निबंधक कार्यालयात, म्हणजे दस्त नोंदवतात तिथे, जा. तिथे सूची क्रमांक १ माणसांच्या नावांवर असते आणि सूची क्रमांक २ मिळकतींवर. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे पुस्तक क्रमांक १ (स्थावर मिळकतींच्या दस्तांचं) आणि त्याच्या सूची फी भरून कोणालाही पाहता येतात, त्यासाठी तुम्ही वारस असायची गरज नाही. सूचीतून दस्त क्रमांक आणि वर्ष घेऊन खरेदीखताची नक्कल मागायची.

त्या खरेदीखतात आधी शेवटचा परिच्छेद वाचा, चतुःसीमेचा. तो साधारण असा असतो : 'पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस अमुक यांचे राहते घर, उत्तरेस बोळ व त्यापलीकडे तमुक यांची चाळ, दक्षिणेस अमक्यांचे दुकान'. एका दस्तात दोन-तीन शेजारी मिळतात. त्या शेजाऱ्यांच्या नावाने पुन्हा सूची १ पाहिली की त्यांचे शेजारी. वीस घरांची ओळ असेल, तर आठ-दहा दस्तांत बरीचशी साखळी जुळते. यात एक खोट आहे. दस्तलेखक चतुःसीमा पुष्कळदा आधीच्या दस्तातून जशीच्या तशी उतरवून घेत. त्यामुळे १९५२ च्या खतात दिसणारा शेजारी १९२० सालचा असू शकतो. लगतच्या दोन मिळकतींच्या दस्तांत एकमेकांची नावं जुळली, तरच ती नोंद पक्की धरा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे दस्त मोडीत असू शकतात. वाचायला जाणकार सोबत घ्या, अंदाजाने आडनाव ठरवू नका.

एवढं करूनही आजोबांचं नाव दिसणार नाही, आणि त्याला कारण आहे. त्या काळी वर्षाहून अधिक मुदतीचा किंवा सालोसाल चालणारा भाडेपट्टाच नोंदवावा लागे. महिनेवारी भाडेकरू नोंदणीच्या पुस्तकात येतच नसे, आणि जुन्या बाजारात दुकानदार बहुतेक महिनेवारीच असत. त्यांच्यासाठी दोन जागा बघाव्या. पहिली, महापालिकेच्या झोन कार्यालयातल्या जुन्या करआकारणी नोंदवह्या. त्यांत मालकाशेजारी भोगवटादाराचा, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा, रकाना असतो आणि दुकान की राहणं, तेही लिहिलेलं असतं. दुसरी, भाडे नियंत्रकाच्या फायली. नागपुरात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीस देण्याआधी मालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला, तोवर हीच रीत होती. त्यामुळे वाद झालेल्या दुकानाची फाइल ही सोन्याची खाण : भाडेकरूचं पूर्ण नाव, भाडं किती, कधीपासून, कधी कधी जागेचा हातनकाशाही. वादच झाला नसेल, तर फाइल नाही.

आणि ओळीतल्या गणेश मंडळाला विचारायला विसरू नका. वर्गणीच्या पावत्यांची जुनी स्थळप्रत कोणाच्या माळ्यावर असेल, तर तिला तोड नाही. वर्गणी गोळा करणारे दारोदार ओळीने जातात, त्यामुळे नावंही दुकानांच्या क्रमानेच उतरलेली असतात. मंडळांच्या आणि शाळांच्या स्मरणिकांतल्या जाहिराती, तसंच 'तरुण भारत' व 'हितवाद'चे दिवाळी-दसऱ्याचे अंक नंतर चाळा.

प्रश्न : दुकानाचं बिल आहे, पण त्यावर तारीख अर्धवट आहे. साल कसं ठरवावं? – एक वाचिका, महाल

उत्तर : आधी पत्त्याची शेवटची ओळ बघा. नागपूरएवढी राज्यं बदललेली शहरं थोडी आहेत, आणि ते इथे उपयोगी पडतं. 'सी. पी.' (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) छापलं असेल, तर १९५० च्या आधीचा कागद. 'नागपूर, म. प्र.' असेल, तर २६ जानेवारी १९५० ते ३१ ऑक्टोबर १९५६, म्हणजे नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असतानाचा. 'मुंबई राज्य' असेल, तर १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६०. व्यापारी छापून ठेवलेलं बिलबुक संपेपर्यंत वापरतो, म्हणून पुढे वर्ष-दोन वर्षांची ढील ठेवा. मागे मात्र नको.

रक्कम रुपये-आणे-पै अशी असेल, तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची असण्याचा संभव जास्त. नये पैसे असतील, तर नक्की नंतरची. पिनकोड असेल, तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. वजन शेर-छटाकात असेल, तर साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची.

तारीख विक्रम संवतात असेल, तर जपून. इतवारीतले मारवाडी व्यापारी बहुधा चैत्रापासून वर्ष धरत, गुजराती पेढ्या दिवाळीनंतरच्या पाडव्यापासून. आषाढातल्या तारखेसाठी पहिल्या रीतीत ५७ वजा करायचे, दुसऱ्या रीतीत ५६. पेढी कोणाची हे न बघता वजाबाकी केली की वर्षभराची चूक होते. शके असेल, तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९.

प्रश्न : केळीबाग रोडवरची काही घरं रस्ता रुंद करताना गेली. तिथे कोण राहत होतं याची नोंद कुठे मिळेल? जुने फोटोही हवे आहेत. – एक वाचक, महाल

उत्तर : रस्त्यासाठी जागा संपादित झाली असेल, तर भूसंपादनाचा निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) मागा. निवाड्यात मालक, भाडेकरू, बांधकामाचं वर्णन आणि मोबदला असतो. घर गेलेलं असलं, तरी कागदावर ते बहुधा सगळ्यांत तपशिलात तिथेच उरलेलं असतं. नागपूर सुधार प्रन्यासच्या योजनेतली जागा असेल, तर अर्ज त्यांच्याकडे, महापालिकेच्या कामातली असेल, तर महापालिकेकडे.

माहितीच्या अधिकारात अर्ज करताना 'त्या भागाची सगळी माहिती' असं लिहू नका, तो अर्ज परत येतो. एका अर्जात एक मिळकत, तिचा नगर भूमापन क्रमांक आणि कोणत्या वर्षांतली कोणती नोंद, एवढंच लिहा. 'खाजगी माहिती' म्हणून नाकारलं, तर कलम ८(३) दाखवा : वीस वर्षांपूर्वीच्या घटनेच्या माहितीला ते कारण चालत नाही. 'नोंद सापडत नाही' असं उत्तर आलं, तर तपासणीसाठी प्रत्यक्ष दप्तर बघायला मागा. चुकीच्या वर्षाच्या गठ्ठ्यात बांधलेली वही अशा वेळी हाती लागते.

फोटोंसाठी लग्नाचे अल्बम मागा. रस्त्याचा फोटो म्हणून कोणी काढत नसे, पण वरातीमागे पाट्या येतात. इतवारीत मारबत मिरवणुकीचे जुने फोटोही असेच कामाचे. फोटो मोठा करून मागच्या पाटीवरचा दूरध्वनी क्रमांक वाचा : सहा आकडी असेल, तर २००२-०३ च्या आधीची पाटी, कारण त्यानंतर पुढे २ लागून तो सात आकडी झाला.

वयस्कर शेजाऱ्यांना भेटताना कोरा कागद न्या. रस्त्याच्या दोन्ही बाजू आखा, प्रत्येक दुकानाला एक चौकोन द्या आणि आज उभी असलेली खूण, मंदिर किंवा गांधी गेट, आधी मांडा. गांधी गेटला जुनी माणसं जुम्मा दरवाजा म्हणतील आणि गांधीसागरला जुम्मा किंवा शुक्रवारी तलाव, ती नावंही लिहून ठेवा. 'कोणत्या साली?' असं विचारलं की अंदाज मिळतो. 'नागपूर राजधानी होती तेव्हा की नंतर?', 'दीक्षाभूमीच्या सोहळ्याच्या आधी की नंतर?' असं विचारलं की माणूस थांबून आठवतो. दोन जणांना वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसवलं की दुसरा पहिल्याच्या आठवणीला मान डोलावतो, आणि चुकीचं दुकान दोघांच्या साक्षीने कागदावर पक्कं होतं.