जन्मवर्षाचं घड्याळ, वर्ष १९७८: विकणारा सांगतो ते वर्ष खरं कसं मानायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जन्म १९७८ चा, त्याच वर्षी बनलेलं एखादं उत्तम स्विस घड्याळ घ्यायचंय, आणि विकणाऱ्याने सांगितलेलं वर्ष पडताळायचं कसं.

आधी एक गोष्ट स्वतःशी ठरवा. ‘१९७८ चं’ म्हणजे काय १९७८ चं? मशीन तयार झालं ती एक तारीख, घड्याळ जोडून कारखान्याबाहेर पडलं ती दुसरी, आणि दुकानातून कुणीतरी विकत घेतलं ती तिसरी. १९७७ च्या अखेरीस बनलेलं घड्याळ १९७९ मध्ये विकलं जाणं यात काही विशेष नाही. वॉरंटीच्या कागदावर विक्रीची तारीख असते, नंबरावरून निर्मितीचा अंदाज लागतो. मी निर्मितीचं वर्ष धरायला सांगेन आणि एक वर्ष इकडेतिकडे चालवून घ्यायला सांगेन. कारण नंबरांचे जे तक्ते फिरतात ते बहुतेक संग्राहकांनी मागाहून जुळवलेले आहेत, कंपन्यांनी प्रसिद्ध केलेले नाहीत. दोन तक्त्यांत एकाच नंबराला वर्ष-दीड वर्षाचा फरक सर्रास दिसतो. ‘तक्त्याप्रमाणे बरोब्बर १९७८’ म्हणून कुणी जादा पैसे मागत असेल, तर ते पैसे नंबरासाठी नसून तुमच्या हौसेसाठी मागितलेले असतात.

तुमचं वर्ष जरा अडचणीचंही आहे. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेकोने पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं, मनगटी घड्याळ आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्विस यांत्रिक घड्याळांचा धंदा कोसळला. झेनिथने एल प्रिमेरो हे आपलं नावाजलेलं क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेलं) मशीन १९७५ मध्ये बंद केलं, ते पुन्हा सुरू झालं ऐंशीच्या दशकात. ग्रँड सेको, म्हणजे सेकोची वरच्या दर्जाची मालिका, सत्तरीच्या मध्यावर थांबलं आणि १९८८ मध्ये परत आलं. म्हणून ‘१९७८ चं ग्रँड सेको’ अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचायची गरज नाही. ‘१९७८ चं एल प्रिमेरो’ उरलेल्या मशीनवर जोडलेलं असू शकतं, पण कागदपत्रांशिवाय त्या वर्षासाठी ते घेऊ नका.

या वर्षासाठी माझ्या मते तीन घड्याळं खरोखर शोधण्यासारखी आहेत: रोलेक्स डेटजस्ट, ओमेगा स्पीडमास्टर प्रोफेशनल आणि बजेट कमी असेल तर कार्टिएचं ‘मस्ट’ टँक.

डेटजस्टवर थोडं थांबतो, कारण १९७७-७८ हा तिथे सांधा बदलायचा काळ आहे. जुनं मॉडेल १६०१, त्यात १५७५ मशीन (मशीनवरच्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे पुलावर, मात्र १५७० कोरलेलं असतं, त्यामुळे गोंधळू नका), ताशी १९,८०० ठोके. नवं मॉडेल १६०१४ किंवा १६०१३, त्यात ३०३५ मशीन, ताशी २८,८०० ठोके. मागचं झाकण न उघडता दुकानातच दोन्हींतला फरक कळतो: चावी मधल्या टप्प्यावर ओढून फिरवा. तारीख एकटी बदलली तर ३०३५, नाही बदलली आणि काटे पुन्हा पुन्हा बारा ओलांडून न्यावे लागले तर १५७५. मॉडेल १६०१ आणि तारीख झटपट बदलते, असं दिसलं तर आत कुणाचं तरी दुसरं मशीन बसलंय. ही चाचणी घड्याळातली वेळ दिवसाची असताना करा. घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीन वाजलेले असतात तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात, तेव्हा तारीख ओढून बदलली तर दात मोडतात.

रोलेक्सचे नंबर बघायला पट्टा काढावाच लागतो. पट्टा अडकवायच्या पायांच्या मध्ये, बाराच्या बाजूला मॉडेल नंबर आणि सहाच्या बाजूला सिरियल नंबर. १९७८ च्या आसपासचे सिरियल पन्नास लाखांच्या पुढे आणि साठ लाखांच्या आत पडतात. पुढे अक्षरं आली ती १९८७ पासून, तेव्हा आरंभी अक्षर असलेला नंबर तुमच्या वर्षाचा नव्हेच. आकड्यांच्या कडा स्वच्छ, कोरीव आणि भिंगाखाली किंचित चमकत्या दिसायला हव्यात. वाळू मारल्यासारखे खरखरीत ठिपके जोडून आकडे बनलेले दिसले तर सोडून द्या. स्टीलचा पट्टा जिथे बंद होतो त्या क्लॅस्पच्या आतून वेगळी खूण असते: १९७६ साठी ‘ए’, १९७७ साठी ‘बी’, १९७८ साठी ‘सी’, कधी त्याआधी ‘व्ही’ जोडलेला. ‘सी’ सापडला तर आनंदच, पण पट्टे बदलले जातात, म्हणून ही खूण दुय्यम साक्षीदार समजा. आणि रोलेक्स जुन्या घड्याळाचा नोंदवहीतला उतारा देत नाही. त्यामुळे इथे कागद नसेल तर नंबर, मशीन, डायल आणि पट्टा या चौघांचं एकमत हाच पुरावा.

स्पीडमास्टरमध्ये सगळ्यात जास्त माणसं ज्या खड्ड्यात पडतात तो असा: झाकणाच्या आतल्या बाजूला १४५.०२२-७४ किंवा १४५.०२२-७६ असा नंबर असतो आणि शेवटचे दोन आकडे वर्ष म्हणून सांगितले जातात. ते त्या रचनेच्या आवृत्तीचं वर्ष आहे, घड्याळाच्या जन्माचं नाही. ७६ च्या झाकणाचं घड्याळ १९७८ चं असू शकतं. खरा नंबर मशीनवर असतो, आठ आकडी, १९७८ च्या आसपास चार कोटींच्या जवळपास. मशीन ८६१ हवं, ताशी २१,६०० ठोके. प्लास्टिकची काच असेल तर भिंगातून बरोबर मध्यभागी ओमेगाची बारीकशी खूण दिसते. नसेल तर काच बदललेली आहे. हा दोष मोठा नाही, पण किंमत बोलताना उपयोगी पडतो. विकणारा जुना उतारा दाखवत असेल तर त्यावरचा नंबर मशीनवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. एका घड्याळाचा उतारा दुसऱ्याच्या डब्यात हे नवीन नाही. शिवाय उतारा फक्त एवढंच सांगतो की त्या नंबराचं घड्याळ असं बाहेर पडलं होतं. आज त्यात काय बसवलंय हे तो सांगत नाही.

कार्टिएचं ‘मस्ट’ १९७७ मध्ये आलं: चांदीच्या केसवर (घड्याळाच्या बाहेरच्या डबीवर) सोन्याचा मुलामा, त्यामुळे भरीव सोन्याच्या टँकपेक्षा खूप स्वस्त. केसच्या कोपऱ्यांवर आणि पट्ट्याच्या पायांवर मुलामा घासून चांदी उघडी पडली आहे का ते बघा. पुन्हा मुलामा दिलेला असेल तर कडा गोल आणि कोरीव अक्षरं भरलेली दिसतात. हाताने चावी द्यायचं आणि क्वार्ट्झचं, दोन्ही मिळतात, म्हणून आधी विचारा.

आता डायल. मी स्वतः वर्षापेक्षा डायलला जास्त किंमत देतो. योग्य वर्षाचं पण रंगवलेल्या डायलचं घड्याळ घेण्यापेक्षा एक वर्ष चुकलेलं, मूळ डायलचं घड्याळ घ्या. दहापट भिंग लागेल, पाचपट पुरत नाही. अक्षरांच्या कडा धूसर आहेत का, मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांशी नेमक्या जुळतात का, चिकटवलेल्या खुणांच्या पायथ्याशी रंग चढलेला दिसतो का, डायलच्या कडेला कानसेने केलेली खाच आहे का, हे बघा. ती खाच पुन्हा रंगवणारे डायल नीट बसवायला करतात.

१९७८ मध्ये अंधारात चमकणाऱ्या खुणांना ट्रिटियम वापरत. म्हणून सहाच्या खाली ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर असतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे आजपर्यंत ते जवळजवळ चारदा अर्धं झालं आणि सोळाव्या भागाच्या आसपास उरलं. टॉर्च मारून अंधारात न्या: क्षणभर उजळून विझलं तर ठीक. तासभर हिरवं चमकत राहिलं तर रंग नव्याने भरलाय किंवा डायल नंतरची आहे. काट्यांवरचा आणि डायलवरचा रंग एकाच छटेचा हवा. काटे पांढरे आणि ठिपके खाकी, तर काटे बदललेले.

भारतातल्या ऑनलाइन विक्रीबद्दल वेगळं सांगायला हवं. परदेशातले संग्राहक ज्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात ती हीच घड्याळं: जुनं मशीन, नवी किंवा घासून चकाचक केलेली केस, भडक रंगाची नव्याने छापलेली डायल. एचएमटी, सेको ५, फाव्र-ल्युबा, वेस्ट एंड यांची तर असंख्य, पण ओमेगाचीही असतात. ‘जुनं पण अगदी नव्यासारखं’ हे वाक्य मी इशारा म्हणूनच वाचतो. चाळीस-पंचेचाळीस पावसाळे काढलेली डायल थोडी पिवळी, कडेला थोडी डागाळलेली असणारच.

केस पॉलिश किती वेळा झाली हे ओळखायला डेटजस्टच्या पट्ट्याच्या पायांना आरपार असलेली भोकं बघा. भोकाची कडा बशीसारखी खोलगट झाली असेल किंवा चार पायांची जाडी सारखी नसेल तर धातू बराच गेलाय. गेलेला धातू परत येत नाही. डेटजस्टचा बारीक कड्यांचा जुबिली पट्टा आडवा धरा. तो बराच खाली लोंबला तर कड्या झिजल्या आहेत.

मशीनची तब्येत टाइमिंग यंत्रावर (टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र) बघा. चांगल्या कारागिराकडे ते असतं. घड्याळाला पूर्ण चावी द्या, वीसेक मिनिटं चालू द्या, मग डायल वर, डायल खाली आणि चावी खाली अशा तीन स्थितींत मोजायला सांगा. यंत्राला द्यावा लागणारा मशीननुसारचा कोन, म्हणजे लिफ्ट अँगल, १५७५ आणि ३०३५ साठी ५२ अंश, ८६१ साठी ५० अंश लावला पाहिजे, नाहीतर आकडे खोटे येतात. डायल वर असताना अँप्लिट्यूड (आतलं तोलचाक किती अंश झुलतं ते) २५० अंशांच्या पुढे असेल तर उत्तम, २०० च्या खाली असेल तर तेल सुकलंय. बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्या अंतरातला फरक, एक मिलिसेकंदाच्या आत हवा. दिवसाला १५-२० सेकंदांचा फरक या वयाला मला चालतो. अचानक मिनिटांनी पुढे पळत असेल तर बहुधा आतली केसाएवढी बारीक स्प्रिंग चुंबकाने चिकटली आहे. ते काम दोन मिनिटांचं आहे, त्यासाठी सर्व्हिसिंगचे पैसे देऊ नका.

किंमत ठरवताना पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च आधीच धरून चाला. ‘नुकतीच सर्व्हिस झाली’ याला बिल नसेल तर झाली नाही असं माना. आणि घड्याळ देताना तीन गोष्टी लिहून घ्या: केस पॉलिश करायची नाही, डायल आणि काटे बदलायचे नाहीत, काढलेला प्रत्येक जुना भाग परत द्यायचा. कंपनीच्या अधिकृत केंद्रातही हे न सांगता दिलं तर डायल नवीन होऊन येऊ शकते, आणि तुमच्या हातात १९७८ चं फक्त मशीन उरतं.

परदेशातून मागवत असाल तर मगरीच्या कातड्याचा पट्टा काढून पाठवायला सांगा. त्याला वन्यजीव व्यापाराचा परवाना लागतो आणि पट्ट्यापायी घड्याळ कस्टममध्ये अडकतं. ड्यूटी आणि जीएसटी किती ते पैसे भरण्याआधी कुरिअरकडून लेखी घ्या.

घड्याळ कितीही ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असो, नळाखाली धरू नका. जुन्या रबरी वायसर कडक झालेल्या असतात. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर ते हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या दर महिन्याला बदला. काचेच्या आतून धुकं दिसलं तर उन्हात ठेवून वाळवायचा प्रयत्न करू नका. त्याच दिवशी कारागिराकडून उघडून घ्या. डायलवर गंजाचा पहिला ठिपका पडायला फार दिवस लागत नाहीत.