ग्रुपबरोबर पळताना मागे पडतोय, ग्रुप सोडू का?

वर्षभर एकट्याने पळून तुम्ही ग्रुप लावलात, आता रविवारच्या लाँग रनला दर वेळी शेवटी राहता, मंगळवारपर्यंत पाय जड असतात, आणि डिसेंबरची हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) मात्र सगळ्यांनी मिळून पळायची ठरलीय. अशात ग्रुप सोडावा का, असं विचारलंय.

सोडू नका. फक्त रविवारी त्यांच्या पेसने (किलोमीटरला ते जेवढी मिनिटं घेतात त्या वेगाने) पळणं बंद करा.

हिशेब करू. तुमचं टार्गेट दोन तास दहा मिनिटं, म्हणजे किलोमीटरला साधारण ६:१० (सहा मिनिटं दहा सेकंद). तुमच्याकडची पुढची मंडळी पावणेदोन तासांत हाफ मारतात, म्हणजे शर्यतीत त्यांचा पेस पाचच्या आसपास. रविवारी पुणे विद्यापीठातून निघाल्यावर ती सहाने पळतात, तेही ऑफिसातल्या कुरबुरी एकमेकांना सांगत. त्यांचा तो इझी रन. तुम्ही त्यांच्याबरोबर सहाने गेलात की तुमची दर रविवारी शर्यत, आणि तीही टार्गेटपेक्षा जोरात! पाय जड राहणारच, त्यात जिद्दीचा काय संबंध? तुमचा लाँग रन सात-सव्वासातने व्हायला हवा. पळताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर घड्याळ काहीही दाखवो, पेस जास्तच आहे. (पळण्याची नोंद सगळ्यांना दाखवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपवर लोक काय म्हणतील याची धास्ती असेल तर रविवारपुरतं ॲप बंद ठेवा.)

शनिवारी रात्री ग्रुपवर सरळ टाका, 'मी सव्वासातने जाणार, कोण येतंय?' आमच्याकडे असं विचारलं की दोन-तीन जण हमखास निघतात. सगळे दमलेले असतात, बोलत कोणी नाही.

ग्रुपचा खरा उपयोग चढावर. वेताळ टेकडीचा एखादा बरा चढ पकडायचा, सगळ्यांनी खालून एकदम सुटायचं, दोन मिनिटांनी शिट्टी. जो जिथे असेल तिथून वळून सावकाश खाली. जोरात पळणारा जास्त वर गेलेला असतो, तुम्ही कमी. तरी खाली सगळे जवळपास बरोबरच पोचतात आणि पुढचा राउंड परत एकत्र सुरू होतो. एकट्याने मी असले आठ राउंड कधीच पुरे केले नसते, सहाव्यालाच घरी गेलो असतो. पावसाळ्यात मात्र ती मुरमाची वाट निसरडी होते, तेव्हा हाच प्रकार डांबरी चढावर करा.

आता शर्यत. एकत्र पळायचं म्हणजे नक्की कुठपर्यंत, ते आधी बोलून घ्या. साधारण तुमच्याच टार्गेटचे एक-दोन जण असतील तर पंधरा किलोमीटरपर्यंत बरोबर राहा, पुढे ज्याचा तो. कोणी कोणासाठी थांबायचं नाही, आणि नंतर रुसायचंही नाही. पहिले तीन किलोमीटर सगळ्यात फसवे: स्पीकर, गर्दी, शेजारी ओळखीचे चेहरे. तिथे २० सेकंद वाचवलेत तर अठराव्या किलोमीटरला दोन मिनिटं जातात. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची. तेव्हापासून पळणारे काही जुने लोक अजून दिसतात. ते सुरुवातीला किती निवांत असतात ते बघा. चिप टायमिंग (अंगावरच्या चिपने वेळ मोजणं) असेल तर तुमची वेळ तुम्ही स्टार्टची मॅट ओलांडल्यापासून मोजतात, त्यामुळे पुढच्यांच्यात घुसून उभं राहायची गरज नाही.

जोडी मोडते ती पाण्याच्या टेबलापाशी. एक जण थांबून पितो, दुसरा पुढे निघतो, मग मागचा धावत सुटतो. दहा मीटरचं अंतर अर्ध्या किलोमीटरमध्ये हळूहळू भरून काढा.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचा विषय निघाला तर तिथे एकत्र पळायचं मनातही आणू नका. आधी यवतेश्वरचा घाट, मग तोच उतार. चढालाच सगळे पांगतात. परतणारे मात्र समोरून येताना नाव घेऊन ओरडतात, त्याचा त्या चढावर एनर्जी जेलपेक्षा जास्त उपयोग होतो. उतारावर मोकळं सुटू नका, दुसऱ्या दिवशी मांड्या जिना उतरू देत नाहीत.

आणि फिनिशनंतर भेटायची जागा आदल्या दिवशीच ठरवा, फोन बॅगेत असतात. तुम्ही यायच्या आत पुढची मंडळी मिसळ खायला निघून जात असतील, तर मात्र ग्रुप बदलायला माझी हरकत नाही.