सोलापुरातल्या ओल्या कचऱ्यातून उद्योगाला लागणारी एन्झाइम बनवणारे जिवाणू मिळतील का? एमएस्सीचा प्रकल्प करायचा आहे.

मिळतील, अगदी सहज मिळतील. मार्केट यार्डातला सडका भाजीपाला चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल. माझा आग्रह एवढाच, की आधी काम ठरवा आणि मग जिवाणू शोधा.

सोलापुरात काम समोरच आहे. टॉवेलच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, विणण्याआधी कांजी (स्टार्च) देतात आणि रंगाईआधी ती काढावी लागते. अमायलेज हे एन्झाइम ती कांजी तोडतं, सुताला हात लावत नाही. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूपासून अमायलेज काढण्याचं पेटंट १९१७ सालचं आहे, म्हणजे वाट मळलेली आहे.

वरवरचा ताजा कचरा घेऊ नका. कंपोस्टच्या ढिगात हात घातला तर चटका बसतो, तिथला घ्या. नमुना निर्जंतुक पाण्यात कालवून ८० अंशांवर १० मिनिटं ठेवा. बाकीचे बहुतेक मरतात, बीजाणू (उष्णता सोसणारं कवचबंद रूप) करणारे बॅसिलस तगतात. मग स्टार्च अगरवर (स्टार्च घातलेल्या जेलीसारख्या थरावर) पसरा आणि ४५ अंशांच्या आसपास वाढवा. आयोडीन ओतण्याआधी प्रत्येक कॉलनीचा (जिवाणूंच्या पुंजक्याचा) ठिपका दुसऱ्या प्लेटवर घेऊन ठेवा, कारण आयोडीनखाली त्या मरतात. प्लेट निळी-काळी होते आणि ज्या कॉलनीनं स्टार्च खाल्लंय तिच्याभोवती स्वच्छ कडं उरतं.

त्या कड्यावर भाळू नका. मोठं कडं म्हणजे जास्त एन्झाइम असं नाही. जिवाणू गव्हाच्या कोंड्यावर वाढवून त्यांचं एन्झाइम डीएनएस पद्धतीनं (सुटलेली साखर रंगावरून मोजण्याची पद्धत) ५४० नॅनोमीटरवर मोजा आणि एन्झाइमची क्रिया ७० अंशांना चालवा, कारण कांजी काढायचं पाणी गरम असतं. बहुतेक अल्फा-अमायलेजना टिकायला कॅल्शियम लागतं, ते विसरू नका.

आता कचऱ्यातल्या जिवाणूंबाबत हमखास राहून जाणारी चाचणी. पालापाचोळा कुजवणारे हे जिवाणू सेल्युलेजही, म्हणजे सुतातलं सेल्युलोज तोडणारं एन्झाइमही, बनवू शकतात. ते मिसळलेलं असलं तर कांजीबरोबर टॉवेलचं सूतही कमजोर होईल. म्हणून प्रत्येक जिवाणू सीएमसी (सेल्युलोजचं विरघळणारं रूप) अगरवर लावून काँगो रेड या रंगानं तपासा. तिथं कडं दिसलं तर तो या कामातून बाद. पोटाला बाधणारा बॅसिलस सिरियसही ८० अंशांतून वाचतो, त्यामुळे १६-एस तपासणीशिवाय (जनुकावरून जिवाणू ओळखण्याची चाचणी) जास्त प्रमाणात वाढवू नका.

शेवटी एखाद्या कारखान्यातून न धुतलेलं कोरं कापड मागून घ्या. त्यावर एन्झाइम चालवा, आयोडीनचा थेंब टाकून निळेपणा किती उरला ते बघा आणि सुताची ताकद आधी व नंतर मोजा. परीक्षकांसमोर हे आकडे ठेवलेत की प्रकल्पाला वजन येईल.