कॅथलिक लोक मरियेला देव मानतात का?

नाही, कॅथलिक श्रद्धेनुसार येशूची आई मरिया माणूसच आहे. तिला सर्व संतांहून मोठा मान आहे, पण आराधना फक्त देवाची. ‘देवमाता’ ही पदवी ४३१ साली इफिससच्या धर्मपरिषदेने मान्य केली आणि ती खरं तर येशूविषयी बोलते: तिच्या पोटी जन्मलेला येशू पूर्ण देव आणि पूर्ण मानव असा एकच आहे, म्हणून त्याची आई ती देवाची आई. देवाचं देवपण तिच्यापासून सुरू झालं, असं चर्च कधीच शिकवत नाही. रोजरीतली, म्हणजे जपमाळेवर म्हटली जाणारी, प्रार्थना नीट ऐका. तिथे मरियेकडे पापक्षमा मागत नाहीत. आम्हा पाप्यांसाठी आता आणि मरणाच्या वेळी देवाकडे विनंती कर, एवढंच म्हणतात.

याखेरीज चर्चची ठाम शिकवण अशी:

- ती नित्य कुमारी आहे.
- ती आदिपापाविना, म्हणजे आदामापासून सर्व माणसांकडे जन्मतः येणाऱ्या पापाविना, गर्भात आली (१८५४ मध्ये पोप नववे पायस यांची घोषणा). हे मरियेच्या स्वतःच्या गर्भधारणेबद्दल आहे, येशूच्या नव्हे. इथे भल्याभल्यांचा घोटाळा होतो.
- तिला देहासह स्वर्गात घेतलं गेलं (१९५०, पोप बारावे पायस).

मात्र लूर्द (फ्रान्स), फातिमा (पोर्तुगाल) इथे लोकांना झालेली मरियेची दर्शनं या यादीत येत नाहीत. चर्चने त्यांना मान्यता दिली असली, तरी त्यांवर विश्वास ठेवणं कुणाही कॅथलिकाला बंधनकारक नाही.